गव्याला व्यायाम लागत नाही, मग मलाच का?

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात): वय ४७, इचलकरंजीत हिशेबाचं बैठं काम. उंची ५ फूट ८ इंच, वजन ६८ किलो. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. सहा महिने झाले, रोज सकाळी ४० मिनिटं चालतो, खाडा नाही. तरी दंड मऊच, मांड्या काटकुळ्या आणि पोट तेवढं पुढे. सकाळी पोहे-चहा, दुपारी डब्यात तीन पोळ्या-भाजी, रात्री भाकरी-आमटी-भात. अंडं चालतं, मांस-मासे घरात होत नाहीत. डिसेंबरात दाजीपूरला गवा पाहिला. नुसतं गवत खातो, दुपारभर बसून रवंथ करतो, तरी काय तो खांदा! मग व्यायामाचा जाच माणसालाच का? जिम लावू का? प्रोटीन पावडर घेऊ का? ता. क. आई ७४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तापानं दहा दिवस अंथरुणाला खिळली होती. ताप गेला, पण खुर्चीतून उठताना आता आधार लागतो. वयामुळे असेल का?

उत्तर:

नमस्कार,

त्या गव्याच्या खांद्याकडेच आधी जरा जवळून पाहू. मानेमागून निघून पाठीच्या मध्यावर एकदम संपणारा जो उंच बांध तुम्हाला दिसला, तो सगळा स्नायू नसतो. खांद्याजवळच्या मणक्यांतून वर निघालेले लांब हाडांचे काटे त्याच्या आत असतात. जड डोकं आणि शिंगं तोलून धरणारे स्नायू त्या काट्यांना धरून असतात. वर आखूड, तुकतुकीत केस, कातडीखाली चरबी नावापुरती. त्यामुळे आत जेवढा पीळ आहे तेवढा सगळा बाहेर दिसतो. शिवाय पूर्ण वाढलेला नर ८००-९०० किलोंपर्यंत भरतो. एवढं धूड घेऊन बसल्या जागेवरून उठणं हीच त्याची बैठक, आणि ती दिवसातून कितीदा तरी होते.

गवताचंही तसंच. गव्याच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे आंबवणाची मोठी टाकी. तिथले सूक्ष्मजीव गवतावर वाढतात आणि त्यातल्या नायट्रोजनपासून स्वतःची प्रथिनं बनवतात. पुढे गेल्यावर गवा त्या सूक्ष्मजीवांनाच पचवतो. तोंडात गवत जातं, पण रक्तात चांगल्या प्रतीची प्रथिनं उतरतात. आपल्या पोटात ही सोय नाही, म्हणून पालेभाजीवर आपले दंड भरत नाहीत.

आणि जंगलात आपल्याला दिसतात ते टिकलेले प्राणी. जे अशक्त झालं ते रानकुत्र्यांच्या तोंडी गेलं, ते तुमच्या कॅमेऱ्यात येत नाही. फ्लॅटमध्ये बांधून ठेवलेला, दोन वेळा भरपेट जेवणारा कुत्रा मात्र रोज दिसतो. त्याचं अंग सुटतं, तो धापा टाकतो. तेव्हा प्राण्यांनाही सगळी सूट आहे असं नाही.

एवढं सांगूनही तुमच्या प्रश्नाचा गाभा उरतोच, कारण काही प्राण्यांना खरोखरच सूट आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल हिवाळ्यात पाच-सहा महिने गुहेत पडून असतं. खात नाही, पीत नाही. तरी सुमारे १३० दिवसांत त्याची ताकद चौथाईपेक्षाही कमी घटते. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो, त्यातला नायट्रोजन ते परत वापरून प्रथिनं बनवतं. बार्नाकल हंसांचं याहून नवल. पिंजऱ्यात ठेवलेल्या, कुठेही न उडणाऱ्या या हंसांच्या छातीचे उड्डाणाचे स्नायूही स्थलांतराचा काळ जवळ आला की आपोआप वाढतात. त्यांच्या शरीरात पंचांग बसवलेलं आहे. ऋतू फिरला, दिवसाची लांबी बदलली, की हालचाल असो वा नसो, बांधकाम सुरू होतं.

माणसाच्या शरीरात हे पंचांग नाही. आपल्याकडे मागणी तसा पुरवठा. स्नायूवर ताण पडला तर तो ठेवायचा आणि वाढवायचा, नाही पडला तर मोडून प्रथिनं दुसरीकडे वापरायची. मोबाइलवर हल्ली फिरणारं मायोस्टॅटिन तुमच्याही कानावर आलं असेल. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं ते प्रथिन १९९७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि सहकाऱ्यांनी शोधलं. ते नसलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. पण हा लगाम गव्यालाही आहे आणि उंदरालाही, म्हणून 'माणसात मायोस्टॅटिन आहे म्हणून आपण मऊ' या सांगण्यावर जाऊ नका. लगाम नसणं सुखाचंही नसतं. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत तो जन्मतः बिघडलेला असतो. गुरं मांसानं फुगलेली दिसतात, पण वासरू इतकं भरतं की बहुतेक गाईंचं पोट फाडून ते बाहेर काढावं लागतं.

माणसाचं शरीर स्नायूंच्या बाबतीत इतकं काटकसरी का, याचं उत्तर डोक्यात आहे. मेंदू वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण बसल्या जागी जळणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तोच खातो. दुसरीकडे एक किलो स्नायू नुसता बाळगायला रोज सुमारे १३ कॅलरी लागतात. दहा किलो जास्तीचा स्नायू म्हणजे रोज सव्वा पोळी, काम असो वा नसो. दुष्काळात ही सव्वा पोळी जड जाते, तिथे अंगावरची चरबी उपयोगी पडते. म्हणून शरीर चरबी जपतं आणि न वापरलेला स्नायू आधी विकायला काढतं.

आपल्या पूर्वजांना हे बाधलं नाही, कारण मागणी दिवसाच्या पोटातच होती. टांझानियात आजही शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हाडझा लोक व्यायाम करत नाहीत. पुरुष रोज दहा-बारा किलोमीटर चालतात, बायका काठीनं कडक जमीन उकरून कंद काढतात. तेही दिवसाचे नऊ-दहा तास स्वस्थ असतात, पण त्यातला बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसलेले असतात. उकिडवं बसताना मांड्या-पोटऱ्या जाग्या राहतात, खुर्चीत त्या झोपतात. मार्केट यार्डातल्या हमालाचे खांदे पाहा, त्यालाही जिम लागलेली नाही. तुमच्या-माझ्या दिवसातून ओझं, चढण, उकरणं, उकिडवं बसणं सगळं गेलं. व्यायाम म्हणजे ती गेलेली मागणी हातानं परत घालणं.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. ६८ किलो आणि ५ फूट ८ इंच म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २२.८ च्या आसपास. तक्त्यात तो 'ठीक' येतो. पण काटकुळ्या मांड्या आणि पुढे आलेलं पोट ही आपल्याकडची ओळखीची ठेवण आहे, आणि तिचा पाया पुण्यातच अभ्यासला गेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली हे दोघांच्या छायाचित्रासह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत बरीच कमी होती, कातडीखालच्या चरबीत मात्र तेवढी कमी नव्हती. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांची सुरुवातच थोड्या स्नायूंवर होते, आणि तिशीनंतर दर दशकाला त्यातले तीन ते आठ टक्के गळत जातात. रक्तातली साखर साठवायची सर्वात मोठी कोठी स्नायूच आहे. कोठी लहान असली की साखर रक्तात रेंगाळते. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर मोजा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) याच महिन्यात करून घ्या.

चालणं सोडायचं नाही. हृदयाला, रक्तदाबाला ते हवंच. पण सपाटीवर चालताना मांडीच्या स्नायूला त्याच्या ताकदीचा लहानसा भागच लागतो. सहा महिन्यांत तो त्याला सरावला, आता वाढायचं कारण उरलं नाही. वाढीची हाक जाते ती ओझ्यातून, आणि तेही पुरेसं जड हवं. कितपत जड? फेरी संपताना 'आणखी दोन-तीन वेळाच जमलं असतं' असं वाटलं पाहिजे. वीस वेळा सहज होत असेल तर तो व्यायाम स्नायूच्या कानापर्यंत पोचलेलाच नाही.

जिम लावलीत तर उत्तम, पण पहिले तीन महिने घरात निघतील. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ३५-४० मिनिटं. सुरुवात उठबशीनं करा. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची घ्या, बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट. पाय खांद्याइतके फाकवा, चवडे किंचित बाहेर. तीन आकडे मोजत खाली या, खुर्चीला नुसता स्पर्श करा, उठा. आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटं थांबा. अशा तीन फेऱ्या. इथली नेहमीची चूक म्हणजे थपकन बसणं. खाली येताना स्नायू ताण धरून लांब होतो, निम्मं काम तिथेच होतं, आणि थपकन बसणारा ते फुकट घालवतो. दुसरी चूक, गुडघे आत वळणं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. तुमचे गुडघे वाजत असतील आणि दुखत नसतील तर आवाजाला भिऊ नका. दुखले तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. सलग दोन वेळा तिन्ही फेऱ्यांत बारा जमले की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा, पुढे दहा किलो. त्यानंतर खुर्ची काढून पूर्ण बैठक.

जोर जमिनीवर लगेच मारू नका. तालमीतला जोर खांदा आणि कंबर दोन्ही मागतो, चाळिशी ओलांडलेल्या नवख्याचा खांदा त्यात धरतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून सुरू करा. टाचांपासून डोक्यापर्यंत एक रेघ, कोपरं अंगापासून अर्धवट दूर. कंबर झोळीसारखी पडू लागली की फेरी तिथेच थांबवा. ओट्यावर बारा झाले की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर.

ओढण्याचा व्यायाम लोक हमखास टाळतात, आणि दिवसभर वाकून बसणाऱ्याला तोच जास्त लागतो. पाच लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन म्हणजे साधारण पाच किलो. एक हात आणि एक गुडघा पलंगावर, पाठ सपाट, दुसऱ्या हातानं कॅन कमरेकडे ओढायचा. कोपर मागे जाऊ द्या, खांदा कानाकडे चढू देऊ नका. प्रत्येक हातानं दहा, तीन फेऱ्या. मग दोन कॅन घेऊन खुब्यातून वाकण्याचा सराव करा. ढुंगण मागे ढकला, गुडघे थोडे मोडलेले, कॅन मांड्यांना घासत खाली, मांडीच्या मागे ताण आला की वर. पाठ गोल झाली तर ओझं मणक्यावर जातं. शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गच्चीवर ३०-४० मीटर चाला, तीन वेळा.

रक्तदाब आहे म्हणून एक गोष्ट कटाक्षानं पाळा. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. उठताना सोडायचा, खाली येताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर केला की दाब क्षणात बराच वर जातो. सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून दाब आटोक्यात असल्याची खात्री करून घ्या.

पहिल्या दिवशी प्रत्येक व्यायामाची एकच फेरी करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते चार दिवसांत जातं. हौसेनं पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका मारणाऱ्याचे स्नायू इतके फुटू शकतात की त्यांतला मळ मूत्रपिंडात अडकतो. मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि आरशाची घाई करू नका. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढणारी ताकद बहुतांश मज्जातंतूंच्या शिकण्यातून येते. स्नायूची जाडी नजरेला दिसायला दोन-तीन महिने लागतात. 'दोन महिने केलं, काही फरक नाही' म्हणून सोडणारे बरोबर फळ धरायच्या वेळी सोडतात. वही ठेवा. तारीख, किती वेळा, किती किलो. तीन आठवडे आकडे जागचे हलले नाहीत तर झोप किंवा जेवण कमी पडतंय.

जेवण तर कमी पडतंच आहे. तुमच्या दिवसाची बेरीज ३५ ते ४० ग्रॅम प्रथिनांपुढे जात नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६ ग्रॅम रोजचेच लागतात. स्नायू बांधायचा तर १.२ ग्रॅमच्या हिशेबानं ८० धरा. पोह्यांबरोबर दोन अंडी घ्या, १२ ग्रॅम आले. डब्यातली एक पोळी कमी करून वाटीभर घट्ट मटकीची उसळ (३० ग्रॅम कोरडी मटकी, ७ ग्रॅम प्रथिनं) आणि वाटीभर दही, ५. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे, ६. रात्री पेलाभर दूध, ८. एक दिवसाआड २५ ग्रॅम सोयावडीची भाजी करा, तिच्यातून १२-१३ मिळतात. आमटी पातळ असते, तिच्यावर भिस्त नको. घट्ट वरण किंवा पिठलं त्याहून बरं. पावडर विषारी नाही आणि जादूचीही नाही. व्हे म्हणजे दुधाचंच प्रथिन, एका मापात २०-२५ ग्रॅम. वरचं जेवण जमलं तर तिची गरज नाही. फिरतीच्या दिवसांत सोयीची वाटली तर घ्या. रक्तदाबामुळे मूत्रपिंडाकडे लक्ष हवं, म्हणून प्रथिनं वाढवण्याआधी एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या.

आता आईबद्दल. तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंत, पण सगळ्या पत्रात निकडीचं तेच आहे. सत्तरीच्या आसपासच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू जातो, हे मोजलेलं आहे. आईंना वरून ताप होता, जेवण तुटलं होतं. अस्वलाची सोय त्यांच्याकडे नव्हती. हे 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, यातलं पुष्कळ भरून येतं. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उभं राहताना चक्कर येते का ते पाहा आणि कमतरता असेल तर ड जीवनसत्त्व भरून घ्या. वजन ५० किलोंच्या आसपास असेल तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि तीही तिन्ही जेवणांत वाटून. एकाच वेळी ती त्यांना जाणार नाहीत. नाश्त्याला मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी मऊ वरण-भातावर जास्तीची वाटीभर डाळ, रात्री पनीर कुस्करून.

आणि उठबस. हाताच्या, भक्कम खुर्चीवर गोधडीच्या चार घड्या घाला, म्हणजे बैठक उंच होईल आणि हाताचा जोर न लावता उठता येईल. तुम्ही समोर उभे राहा. ओढू नका, फक्त हात जवळ ठेवा. त्यांनी बैठकीच्या कडेला सरकायचं, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं, मग उठायचं. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची ताकद पुरेशी असते, पण मागे पडण्याच्या भीतीनं ती झुकत नाहीत आणि म्हणून उठता येत नाही. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. आठवडाभरानं आठ, मग दहा. दहा सलग जमले की गोधडीची एक घडी काढा आणि पुन्हा पाचपासून धरा. चारही घड्या निघाल्या की घड्याळ लावून, हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस करायला सांगा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर दुधाच्या दोन पिशव्या मांडीवर धरून हेच आणखी महिनाभर चालू ठेवा.